मृकंडू ऋषी आणि इयरफोन

मध्यमवर्गीय मराठी माणूस दुकानात शिरला की तीन प्रश्न विचारतो. केवढ्याला? कमी किती करणार? आणि टिकेल ना? पहिल्या दोन प्रश्नांत दुकानदार जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. खरा जीव अडकलेला असतो तो तिसऱ्यात. बादली असो, पलंगपोस असो, कुकरची रिंग असो की जावई, आमच्या आईने हा तिसरा प्रश्न सगळ्यांच्या बाबतीत सारख्याच आवाजात विचारला. "रंग काय, उडतोच," ती म्हणायची, "कापड टिकायला हवं." दिसण्यावर, वाजण्यावर, चवीवर भाळणं आमच्या घरात थोडं हलकंच समजलं जाई. टिकणं हा सद्गुण. घरातला तांब्याचा बंब तीन पिढ्या टिकला म्हणून त्याच्याबद्दल जो आदर होता, तो त्याच तीन पिढ्यांतल्या कित्येक काकांच्या वाट्याला आला नाही.

या धर्मात मी साठ वर्षं सुखाने राहिलो. त्याला प्रश्न विचारला तो कानात घालायच्या इयरफोनने.

माझ्या टेबलाच्या खणात आज सात इयरफोन आहेत, आणि सातांचीही एक बाजू गेलेली आहे. हे शब्द पाहा. माणसाला अर्धांगवायू झाला की आपण म्हणतो, 'त्यांची एक बाजू गेली.' इयरफोनलाही तेच म्हणतो, आणि टाकून देत नाही तेही त्याच आशेने. सुधारेल कदाचित. शिवाय संपूर्ण गेलेला नसतोच तो. पिनेपाशी वायर विशिष्ट कोनात वाकवली, अंगठ्याने दाबून धरली आणि श्वास जपून घेतला तर दुसरी बाजूही वाजते. त्या कोनात मी एकदा अख्खा मारवा ऐकलेला आहे. मारवा हा मुळातच जीव टांगणीला लावणारा राग, त्यात अंगठा. माझा भाचा इथे इंजिनिअरिंगला आहे आणि आमच्याकडेच राहतो. तो हे दृश्य पाहून म्हणाला, "मामा, तुम्ही गाणं ऐकताय की बॉम्ब निकामी करताय?"

एक बाजू गेली तरी माझं अडत नव्हतं, याला एक शास्त्रीय कारणही होतं. मी ऐकतो ती गाणी बहुतेक 'मोनो'च्या जमान्यातली. त्यांत जे डाव्या कानात तेच उजव्या कानात. दोन कानांना दोन वेगळ्या गोष्टी सांगायची पद्धत आपल्या चित्रपटसंगीतात नंतर आली. म्हणजे एकच बाजू चालू असलेला इयरफोन आणि लताबाईंचं १९५० सालचं गाणं यांची पत्रिका छत्तीस गुणांनी जुळते. 'एका कानाने ऐकावं आणि दुसऱ्याने सोडून द्यावं' ही म्हणही त्यात आपोआप साधते. हे मी भाच्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे, डॉक्टर ज्या नजरेने अंगारा लावून आलेल्या रोग्याकडे पाहतात, त्या नजरेने पाहिलं.

भाच्याकडे तीन इयरफोन आहेत. एक वायरचा, एक बिनवायरचा, आणि एक असा की ज्याचं नावही तो घरात हळू उच्चारतो, कारण किंमत कळली तर त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, पहिल्या गाडीने इथे येईल. तो मी कानात घातला. आता कबूल केलंच पाहिजे, मी चाळीस वर्षं जे गाणं ऐकत होतो त्यात व्हायोलिनच्या मागे एक जलतरंग होता. चाळीस वर्षं तो बिचारा वाजवत होता आणि मी त्याला ओळखतसुद्धा नव्हतो. सोसायटीतले जिन्यात भेटणारे गृहस्थ मोठे वैद्य आहेत असं त्यांच्या शोकसभेत कळावं, तसं झालं.

"टिकेल ना रे पण हा?" मी विचारलं.

"नाजूक आहे. जपायला लागतो," भाचा म्हणाला. "तुमच्या दीडशेवाल्यासारखा खिशात किल्ल्यांबरोबर नाही कोंबता येत."

यात त्याच्या हलगर्जीपणाचा भाग नाही. ही गोष्ट आवाजाच्या मुळातच आहे. इयरफोनच्या बोंडात एक पातळ पडदा असतो. त्याला केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि शेजारी चुंबक. वेटोळ्यातून वीज गेली की पडदा मागेपुढे हलतो. मृदंगाची थाप आली तर सेकंदाला पाऊणशे वेळा, आणि झांजेची किणकिण आली तर दहा हजार वेळा. दहा हजार वेळा मागेपुढे व्हायचं तर अंगाने हलकंच असावं लागतं. आणि जे हलकं आणि पातळ, ते घामाने, दमटपणाने आणि (जेवताना वाचत असाल तर क्षमा करा) कानातल्या मळाने लवकर बिघडतं. वायरचंही तेच. ती मऊ हवी, नाहीतर कानात टोचते. आणि मऊ वायरीतल्या तांब्याच्या बारीक तारा पिनेपाशी वाकून वाकून एकेक करून तुटतात. दणकट इयरफोन करता येतो, नाही असं नाही. पण तो दणकट माणसासारखाच वाजतो. म्हणजे निरोप पोचतो, भावना पोचत नाहीत.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो : गोड आणि अल्पायुषी, की सुमार आणि दीर्घायुषी?

हा प्रश्न वाचून आमच्या पिढीच्या माणसाला मृकंडू ऋषी आठवायला हवेत. मृकंडूंना मूल नव्हतं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने मोठं तप केलं. शंकर प्रसन्न झाले आणि देव प्रसन्न झाल्यावर नेहमी करतात तशी त्यांनी पंचाईत करून ठेवली. म्हणाले, गुणवान पुत्र हवा असेल तर त्याला सोळाच वर्षं आयुष्य मिळेल. दीर्घायुषी हवा असेल तर तो मंदबुद्धी निघेल. बोला. मृकंडूंनी सोळा वर्षांचा गुणवान निवडला. तोच मार्कंडेय.

लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना मला मृकंडू थोर वाटले होते. पुढे दोन मुलांचा बाप झाल्यावर त्यांचा जरा राग यायला लागला. ज्याला सोळा वर्षं मिळणार त्याला कोणी विचारलं? आणि मला खात्री आहे, हा वर जर त्या माउलीला एकटीला गाठून विचारला असता तर तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं असतं, 'देवा, पाढे नाही आले तरी चालतील, पण शंभर वर्षं जगू दे.' माणसाच्या बाबतीत टिकाऊपणच आधी. यावर दुमत असणारा बाप मी अजून पाहिलेला नाही. फक्त बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास पुष्कळांच्या मनात मृकंडू संचारतात.

पण इयरफोन हे काही मूल नव्हे. मग आपण त्यालाही 'आयुष्मान भव' का म्हणतो? मला वाटतं, टिकाऊ वस्तूंची आपली जी आवड आहे ती मुळी आवडच नव्हे. ती भीती आहे. आईच्या संसारात रेडिओ एकदाच यायचा होता. तो गेला तर दुसरा येणार नव्हता. जी वस्तू पुन्हा घेता येणार नाही तिने गोड बोलावं की नाही हा प्रश्नच गौण. तिने असावं, एवढीच अपेक्षा. पुढे दोन वेतन आयोग येऊन गेले, भीतीचं कारण गेलं, पण प्रश्न तोंडात तसाच राहिला. पुढची ताटातूट परवडते हे ठाऊक असलेला भाचा आधी विचारतो, 'वाजतं कसं?' तो माझ्यापेक्षा रसिक आहे असं नाही. तो माझ्यापेक्षा कमी घाबरलेला आहे.

बरं, 'वाजतं कसं' याचं उत्तर तरी सरळ मिळावं! एका शनिवारी भाच्याबरोबर मी बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने दोन इयरफोन पुढे ठेवले. पहिला ऐकला, दुसरा ऐकला, मी म्हटलं दुसरा चांगला. भाच्याने दुसऱ्याचा आवाज एक घर खाली केला आणि म्हणाला, आता ऐका. तर पहिला चांगला! माणसाच्या कानाची ही जुनी खोड आहे. दोनांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तो त्याला जास्त चांगला वाटतो. अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे, खर्जातले सूर कमीच ऐकू येतात. आवाज वाढवला की ते वर येतात आणि गाणं भरदार वाटायला लागतं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला वीस वर्षं नियमाने जात असल्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. तिथेही दोन मुद्द्यांपैकी जो मोठ्याने मांडला जातो तोच भरदार वाटतो आणि पास होतो. आवाज समान करून मग मुद्दे ऐकायची सोय तिथे नाही.

आणखी एक गंमत त्या दिवशी कळली. चांगला इयरफोन घेऊन कित्येक लोक 'यात खर्जच नाही' म्हणून परत आणतात. कारण काय, तर टोकाची रबरी टोपी कानाला नीट बसलेली नसते. फट राहिली की खर्ज त्या फटीतून निघून जातो. डबीत लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्या दिलेल्या असतात. पण आपण मध्यम वर्गाचे, मध्यमच लावून ठेवतो. हजारोंची वस्तू चार-आठ आण्यांच्या रबरावर अवलंबून असावी हे पाहून मला आमच्या ऑफिसातला शिपाई आठवला. तो रजेवर असला की डायरेक्टरसाहेबांचाही खर्ज नाहीसा व्हायचा.

"शंभर तास वाजवला की हा आणखी खुलतो," दुकानदार म्हणाला. पुष्कळ शौकिनांचाही असा विश्वास आहे. भाच्याचं मत असं की इयरफोन खुलत नाही, कान रुळतो. मी भाच्याच्या बाजूचा आहे. माझ्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. नेमकं कोण खुललं आणि कोण रुळलं हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

बिनवायरचा का घेऊ नये, असं तुम्ही विचाराल. वायरच नाही म्हणजे ती तुटायची भीती नाही. आमच्या सौ.ने हाच युक्तिवाद केला. पण त्या बोंडात हरभऱ्याएवढी लिथियमची बॅटरी असते, आणि काही शे वेळा भरली-रिकामी झाली की ती थकायला लागते. पाच तास वाजणारा इयरफोन तीनवर येतो, मग दीडवर. पडदा ठणठणीत, चुंबक ठणठणीत, गळा अगदी शाबूत, आणि श्वास संपलेला. बॅटरी बदलावी म्हटलं तर सगळं डिंकाने बंद केलेलं. वायरच्या इयरफोनला अपघाती मरण येतं. याचं मरण जन्मतःच पत्रिकेत लिहिलेलं, मृकंडूंच्या मुलासारखं. फरक इतकाच की मार्कंडेयाने पिंडीला मिठी मारली आणि यमाला परत जावं लागलं. इथे तुम्ही दुकानाच्या काउंटरला मिठी मारली तरी 'रिपेअर होत नाही, नवीन घ्या' हेच उत्तर. २०१६ साली अॅपलने आयफोनमधलं इयरफोनची पिन घालायचं भोकच काढून टाकलं आणि त्या कृत्याला 'धैर्य' असं नाव दिलं. शब्दांचे अर्थ बदलतात ते असे.

युरोपातल्या लोकांना मात्र हे खटकलं. युरोपीय संघाने २०२३ साली बॅटऱ्यांसाठी जो नियम केला त्यात, काही अपवाद सोडून, अशी अट आहे की फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या छोट्या उपकरणांची बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतःला काढता-घालता आली पाहिजे. म्हणजे आईचा प्रश्न शेवटी ब्रुसेल्सला पोचला म्हणायचा. तिचं कारण गरिबी होतं. त्यांचं कारण कचरा आहे. मला हे दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोलाचं वाटतं, कारण पहिल्यात आपण फक्त आपल्या खिशाचा विचार करतो. टाकलेल्या इयरफोनला सोळाव्या वर्षी यमसुद्धा नेत नाही. तो पडून राहतो, कुठल्यातरी कचरा डेपोवर, आपल्या बॅटरीसकट.

भाच्याच्या त्या महागड्याला वायर वेगळी काढता येते. तुटली तर नवी लावायची. हे मला एकदम पटलं. आमच्या आजोबांची छत्री अशीच होती; कापड तीनदा बदललं होतं, काड्या दोनदा आणि मूठ एकदा, तरी ती छत्री 'आजोबांचीच' होती. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना विचारा, ती तीच छत्री की वेगळी, ते तास घेतील. आजोबांना विचारलं असतं तर म्हणाले असते, 'पाऊस तोच आहे ना?'

पण या सगळ्या टिकाऊपणाच्या हिशेबात एक वस्तू आपण धरलेलीच नसते. कान.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, सुमारे पंधरा हजार केसाळ पेशी असतात. आवाज आला की त्यांवरचे सूक्ष्म केस हलतात आणि मेंदूला वर्दी जाते. जन्माला येताना मिळतो तेवढाच साठा. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या उगवतात! हे मी चेष्टेने सांगत नाही. पक्ष्यांच्या कानातल्या या पेशी नष्ट झाल्या तर नव्या येतात, हे शास्त्रज्ञांनी पाहिलेलं आहे. ही सोय परमेश्वराने कोंबडीला का दिली आणि किशोरी आमोणकरांच्या श्रोत्यांना का दिली नाही, हा माझ्या मते मृकंडूंपेक्षाही अवघड प्रश्न आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा : ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास ऐकावा, त्यावर नको. तीन डेसिबल वाढले की मुदत निम्मी. त्र्याऐंशीला वीस तास, शहाऐंशीला दहा, एकोणनव्वदला पाच. व्याजाचा दर पाहिलात? पठाणही लाजला असता. आता लोकलच्या डब्यात मुळातच इतका गोंगाट की साधा, कानाबाहेर टेकणारा इयरफोन लावला तर गाणं त्याच्या वर काढण्यासाठी आवाज वाढवावाच लागतो. कानात घट्ट बसणारा इयरफोन बाहेरचं जग अडवतो, त्यामुळे हळू आवाजातही भागतं. म्हणजे कान टिकवायचा तर तो जगाला बंद करावा. हे ऐकल्यावर मला हिमालयात गेलेल्या पुष्कळ लोकांचा खुलासा झाला.

आणि इथे आम्ही, मामा-भाचे, खऱ्या प्रश्नापाशी आलो. कान बंद करून बसायचा अधिकार माणसाला आहे का?

वॉकमन १९७९ सालच्या जुलैमध्ये जपानात आला तेव्हा सोनीचे अध्यक्ष अकिओ मोरिता यांनाही हाच प्रश्न पडला होता. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिलंय की ते यंत्र घरी आणून कानाला लावून बसले, तर पत्नी नाराज झाली. तिला आपण बाहेर ठेवले गेलो असं वाटलं. एकट्याने गाणं ऐकणं हा उद्धटपणा ठरेल असं मोरितांना वाटलं आणि त्यांनी पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं ठेवायला लावली. शिवाय एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. गाणं ऐकता ऐकता बायकोशी बोलण्यासाठी कारखान्यातूनच बसवून आलेलं बटण! पण लोकांनी काय केलं? प्रत्येकाने आपला आपला वॉकमन घेतला. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं आणि दुसरं भोकही गेलं. मला वाटतं, विसाव्या शतकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी महायुद्धं झाल्यावर एक पान या बटणाला द्यावं.

आता यावर गहिवरून, 'आमच्या वेळी चाळीत एक रेडिओ असायचा आणि सगळी चाळ ऐकायची' असं म्हणायची प्रथा आहे. मी त्या चाळीत वाढलो आहे. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की सगळी चाळ ऐकायची हे खरं. पण सगळ्या चाळीला ऐकावीच लागायची, हेही खरं. सहामाही परीक्षा असो, कुणाचा ताप उतरत नसो, पलीकडच्या खोलीत कुणाचं सुतक असो, अमीन सयानी कुणाला चुकले नाहीत. शेजाऱ्याच्या कानात आपलं गाणं ओतणं म्हणजे समाजजीवन, असं मी मानत नाही. मुंबईत बेस्टने २०२३ साली बसमध्ये इयरफोनशिवाय मोबाइल वाजवायला बंदी केली तेव्हा इयरफोन हे सभ्यतेचं लक्षण झालं. मोरितांना जे उद्धटपणाचं वाटलं होतं ते चव्वेचाळीस वर्षांत सौजन्य म्हणून नियमात आलं.

तेव्हा कान बंद करण्यात पाप नाही. कुणासाठी बंद, हा प्रश्न आहे. बसमध्ये तो बंद केला तर परक्या माणसावर उपकार होतात. तोच इयरफोन जेवणाच्या टेबलाशी लावला तर ताटावरून उठून गेल्यासारखं होतं, फक्त अंग तेवढं मागे राहतं. भाच्याला हे सांगितलं की तो म्हणतो, "मी ऐकतोय ना, मामा, एकच कानात आहे." म्हणजे एक बाजू गेलेली, पण इथे ती जाणूनबुजून घालवलेली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आमचे अण्णा बसतात. वय नव्वद. त्यांच्या कानात श्रवणयंत्र आहे. चमच्यांचा खणखणाट यंत्रातून कानावर आदळतो म्हणून अण्णा जेवताना ते काढून खिशात ठेवतात. एकाच्या कानात यंत्र आहे म्हणून त्याला ऐकू येत नाही, दुसऱ्याच्या कानात नाही म्हणून त्याला ऐकू येत नाही, आणि आमची सौ. आमटी कोणाला हवी हे दोघांना तीन तीनदा विचारते. मला वर्षभर हे दृश्य गमतीचं वाटत होतं. मग एकदा भाच्यानेच सांगितलं की त्याच्या महागड्या इयरफोनमध्ये एक चिमुकली लोखंडी जीभ असते, चुंबकांच्या मधोमध तोललेली, आणि ती मुळात श्रवणयंत्रासाठी वापरात असलेली वस्तू आहे. १९९१ साली अमेरिकेत मीड किलियन या श्रवणशास्त्रज्ञाच्या संस्थेने गाणं ऐकण्यासाठी कानात खोल बसणारा इयरफोन काढला, तोही बहिरेपणावर काम करणाऱ्या माणसांनीच. म्हणजे अण्णांच्या खिशात जी जीभ, तीच भाच्याच्या कानात. एकाला ती माणसं ऐकू यावीत म्हणून दिलेली, आणि दुसऱ्याला माणसं ऐकू येऊ नयेत म्हणून.

हे मी जरा आवाज चढवूनच बोललो असेन. भाचा काही बोलला नाही. हात धुऊन आला आणि अण्णांच्या शेजारी बसला. त्याने आपल्या बिनवायरच्या इयरफोनची रबरी टोपी काढली, मोठी लावली, ती बसेना, मग मध्यम लावली. (अण्णाही मध्यमच.) फोनवर बोटं फिरवून अण्णांना जे वरचे सूर ऐकू येत नाहीत ते तेवढे उचलले. मग बालगंधर्वांची एक जुनी तबकडी लावली. त्या तबकड्या साडेतीन मिनिटांत संपत.

अण्णांनी आधी 'काय हे बोळे' म्हणून तोंड वाकडं केलं. मग त्यांचं बोट गुडघ्यावर पडायला लागलं.

"ऑर्गन वाजतोय," ते म्हणाले. फार मोठ्याने म्हणाले, कानात काही घातलेलं माणूस बोलतं तसं. "मागे ऑर्गन आहे रे! आणि हा तबला... थिरकवाँ असणार. दुसरा कोण वाजवेल असं?"

तबकडी संपली. अण्णांनी बोंड काढून हातात घेतलं, चष्म्याजवळ नेऊन पाहिलं, उलटं करून पाहिलं.

"हे किती वर्षं चालतं?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी आमटीकडे पाहिलं.

"बॅटरी दोन वर्षं जाते, आजोबा," तो म्हणाला. "जपून वापरलं तर अडीच."

अण्णांनी थोडा हिशेब केला.

"पुष्कळ झाली," ते म्हणाले. "माझ्यासाठी एक आण. आणि गॅरंटी कार्ड नीट ठेव, तुझ्या मामासारखं हरवू नकोस."